फोनच्या स्क्रीनची फिल्म जिवाणू बनवणार होते, त्याचं काय झालं?

24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने बायोई3 धोरण मंजूर केलं. तेव्हापासून ‘आता केमिकल्स जिवाणूच बनवणार’ असं बरंच बोललं जातंय. कल्पना खरी आहे. पण मला त्याआधी झायमर्जेनची गोष्ट सांगायची आहे.

ही कॅलिफोर्नियातली कंपनी. सूक्ष्मजीवांचे जीन्स बदलायचे, त्यांना साखर खाऊ घालायची आणि हवा तो रेणू काढून घ्यायचा, हा तिचा धंदा. पहिलं प्रॉडक्ट ‘हायलाइन’, म्हणजे फोल्डेबल फोनसाठी पारदर्शक फिल्म. एप्रिल 2021 मध्ये आयपीओ आला, शेअर 31 डॉलरला. ऑगस्टमध्ये कंपनीनेच सांगितलं, यंदा प्रॉडक्टमधून कमाई होणार नाही. एका दिवसात शेअर सुमारे 75 टक्के आपटला. गंमत बघा, त्या फिल्मचा मूळ रेणू तेव्हा जिवाणूंकडून येतच नव्हता, बाहेरून विकत घेतला जात होता! 2023 मध्ये दिवाळखोरी, 2024 मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाकडून 3 कोटी डॉलरचा दंड.

अडतं कुठे? जिवाणूला तुमच्या केमिकलशी काही देणंघेणं नसतं. त्याला वाढायचं असतं. आपला रेणू बनवण्यात त्याची साखर खर्च होते, त्यामुळे एखाद्या पेशीने म्युटेशन होऊन ते काम सोडलं की ती जोरात वाढते आणि कामचुकारांचीच गर्दी होते. मोठ्या टाकीत ऑक्सिजन सगळीकडे सारखा पोचत नाही, उष्णता काढावी लागते. शेवटी पाण्यातून माल वेगळा करायचा, तोही पेट्रोलियमवाल्या मालाच्या भावात. इन्सुलिन 1982 पासून असंच विकलं जातंय, पण ते मिलिग्रॅमने लागतं. केमिकल टनाने विकावं लागतं.

ड्यूपॉंटला मात्र जमलं. ई. कोलायमध्ये यीस्टचे आणि क्लेबसिएलाचे जीन्स घालून त्यांनी मक्याच्या साखरेपासून प्रोपेनडायॉल काढलं. टेनेसीत 2006 मध्ये कारखाना सुरू झाला. त्यातून सोरोना हा गालिच्यांचा, कपड्यांचा धागा बनतो. रेणू एकच, मेहनत कित्येक वर्षांची, आणि गिऱ्हाईक आधीच ठरलेलं.

आपल्याकडे साखर आहे, हा मोठा फायदा. जेजुरीला ‘प्राज’ने बायोपॉलिमरचा प्लांट उभारलाय, पण तो प्रात्यक्षिकासाठीचा आहे. त्यामुळे पुढची बातमी आली की मी आधी टाकीचा आकार, किलोचा भाव आणि खरेदीदाराचं नाव शोधणार.