मिस्त्रीच्या हाताखालची शाळा

पावसाळा लागला की घरोघरी दारे अडू लागतात. लाकूड ओल धरते आणि फुगते. लांबीला जवळजवळ नाही, रुंदीला मात्र चांगलेच. म्हणून झडप आणि चौकट यांच्यात किती फट सोडायची, हे सुताराला आधीच ताडावे लागते. नियम पुस्तकात सापडतो. हातातल्या फळीला तो किती लागू करायचा, हे मिस्त्रीच्या हाताखाली दोन-तीन पावसाळे काढल्यावरच कळते. रेषेच्या उलट रंधा मारला की लाकूड उखडते, हेही पोरगा एखादी फळी बिघडवूनच शिकतो. त्या फळीचे नुकसान मिस्त्री सोसतो.

घरबांधणीतली सुतारकी आपल्याकडे अजून अशीच शिकली जाते, पण कायद्याला ही शाळा दिसत नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे, ४ ते २९ असलेल्यांना ऐच्छिक. दोन माणसे घेऊन फ्लॅटमागून फ्लॅट करणारा मिस्त्री या हिशेबात बसतच नाही. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो पाया घालतो; पण वाकड्या भिंतीला सरळ कपाट बसवायचे कसब प्रत्यक्ष घरातच येते.

२०२३च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुताराला मान मिळाला, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळाली. ते योग्यच झाले. पण ती योजना आधीपासून काम करणाऱ्यासाठी आहे. नव्या पोराला तीन वर्षे शिकवणाऱ्याच्या पदरात काय? जर्मनीत सुतारकीची उमेदवारी साधारण तीन वर्षांची असते. काम कारखान्यात, जोडीला व्यवसायशाळा आणि शेवटी परीक्षा. तिथे शिकवणाऱ्या उस्तादालाही पदवी असते.

आमची मागणी साधी आहे. अनुभवी मिस्त्रीची प्रशिक्षक म्हणून नोंद करा, त्याला शिकवणीचे मानधन द्या. पोराला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन आणि अपघात विमा द्या. यंत्रकरवतीपाशी बोटे जायला क्षण पुरतो. आठवड्यातला एक दिवस त्याला आयटीआयत नकाशावाचन आणि मापांचा हिशेब शिकू द्या. शेवटी परीक्षा घ्या, आणि तीही कागदावर नको: चौकट उभी करून तिच्यात दार बसवून दाखवू दे. ते दार पावसाळ्यातही अडले नाही, तर त्याला सुतार म्हणून प्रमाणपत्र द्या.