घरघर कुठून येते?

मंडळी, दिवाळी अंकात गिअरबॉक्स? चकलीच्या भाजणीवर लिहायचं सोडून? पण या वर्षी मंडळात ज्या त्या मैत्रिणीने मला एकच विचारलं, "तुमच्या गाडीचं शेवटी काय निघालं?" तेव्हा यंदाचं सदर त्यालाच.

गाडी बारा वर्षांची, हाताने गिअर टाकायची. इथे इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवानाही ऑटोमॅटिकपुरताच मिळतो, म्हणून आपल्यातले पुष्कळ जण मॅन्युअलच शिकले. घरात गाडी एकच, आणि ह्यांची हॉस्पिटलमधली ड्यूटी रात्रीची. मार्चमध्ये गाडी घरघरू लागली. एका गॅरेजने चालवूनही न बघता सांगितलं, गिअरबॉक्स बदला, १,४५० पौंड. भारतात जायच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवलेले पैसे साधारण तेवढेच होते.

माझे सासरे एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना आवाज ऐकवायला गेले, तर म्हणाले, "फोनवर काय कळणार गं? शब्दांत सांग. घरघर, खडखड, का शीळ?" एमएला ध्वन्यनुकारी शब्द शिकले होते, त्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "घरघर, बाबा. जात्यासारखी." मग त्यांनी एकेक गोष्ट करून बघायला लावली.

गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, इंजिन चालू, पाय क्लचवरून काढलेला. आवाज आहे? आहे. आता क्लच पूर्ण दाब. गेला? गेला. क्लच दाबला की इंजिनची आणि गिअरबॉक्सची फारकत होते आणि आतला इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो. म्हणजे आवाज त्या शाफ्टबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी, बहुधा त्याच्या बेअरिंगचा. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर गेला असता. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही. खर्चात हा फरक मोठा.

मग रस्त्यावर. एकाच गिअरात आवाज येत असेल तर त्या गिअरचे दात झिजलेले. सगळ्या गिअरांत येत असेल तर बेअरिंगकडे बघायचं. गिअर कुठलाही असो, आवाज फक्त वेगाबरोबर चढतो आणि वळणावर कमीजास्त होतो, तर तो बहुतेक चाकाच्या बेअरिंगचा, गिअरबॉक्स बिचारा निर्दोष. गिअर टाकतानाच कर्रकन वाजलं, तर सिंक्रो झिजलाय किंवा क्लच पुरता सुटत नाहीये. आमची घरघर सगळ्या गिअरांत होती.

"पण खोलायच्या आधी तेल बघायला सांग," हे बाबांनी तीनदा बजावलं. इंजिनाच्या तेलाला डिपस्टिक असते, बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना नसते, त्यामुळे तिकडे कोणी फिरकतच नाही. दुसऱ्या, फक्त गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या माणसाकडे गेले. न्यूट्रलमध्ये आवाज, क्लच दाबला की बंद, एवढंच सांगितलं. त्याने चालवून बघितली, मग रॅम्पवर घेतली. तेल पातळीच्या भोकाच्या काठापर्यंत हवं, इथे बोट घालूनही लागेना. जवळजवळ अर्धा लिटर कमी! डाव्या ड्राइव्हशाफ्टचं सील पाझरत होतं.

खालच्या बोल्टला चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा लेप चालतो. तुकडे निघाले तर दात गेले समजा. आमच्याकडे लेपच होता, जरा दाट. (घरी करणाऱ्यांनी आधी भरायचा बोल्ट सुटतो ना ते बघावं, मगच खालचा काढावा. नाहीतर तेल बाहेर आणि भरायला वाट नाही. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरू नये.) तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच हवं. जीएल-४ लिहिलं असताना जीएल-५ ओतलं, तर त्यातली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

नव्या तेलाने आवाज निम्मा झाला, गेला नाही. झिजलेलं बेअरिंग तेलाने बरं होत नाही. दाट तेल किंवा बाटलीतलं औषध ओतून आवाज दाबायचा सल्लाही मिळाला. तो म्हणजे खोकणाऱ्या पोराला गप्प बस म्हणण्यातला प्रकार. बेअरिंग फुटलं तर त्याचे कण दातांत जातात, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स बदलावा लागतो.

शेवटी दोन बेअरिंगं आणि दोन्ही सील बदलले, आणि गिअरबॉक्स उतरवलेलाच होता म्हणून क्लचही. सगळे मिळून ७८० पौंड, त्यात निम्म्याहून जास्त मजुरी. तिकिटं काढली, एक महिना उशिराने, जरा महाग पडली.

रिव्हर्समध्ये गाडी अजून बारीक शीळ घालते. बाबांना कळवलं, तर म्हणाले, "घालू दे. रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, बाकीच्यांसारखे तिरके नाहीत. आमच्या गाड्याही घालायच्या."