फॉरमॅट हा इलाज नव्हे

लिनक्सवर मेमरी कार्ड उघडलं नाही की देवरुखात दोनच सल्ले मिळतात. पहिला, ‘कार्ड फॉरमॅट मारा.’ दुसरा, ‘ते लिनक्स काढा आणि विंडोज टाका.’ दोन्ही सल्ले अडाणीपणाचे आहेत आणि पहिला तर घातकही. त्या कार्डावर कुणाच्या लग्नाचे फोटो असतात, कुणी संक्रांतीला मार्लेश्वरी केलेलं चित्रीकरण असतं, कुणा विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प असतो. काय बिघडलंय हे न पाहता फॉरमॅटचं बटण दाबणाऱ्याला मी तंत्रज्ञ मानत नाही.

लिनक्सला दोष देणाऱ्यांनी आधी इतिहास पाहावा. फॅट-३२ या जुन्या फाइल-रचनेमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे मोठ्या कार्डांना नवी रचना हवीच होती. डीव्हीडीवर सर्रास वापरलं जाणारं यूडीएफ हे खुलं मानक तेव्हा हाताशी होतं. तरीही २००९ साली एसडी असोसिएशनने ३२ जीबीच्या पुढच्या कार्डांसाठी मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट ही बंदिस्त, पेटंटने जखडलेली रचना ठरवून टाकली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम कंपनीला फॅटच्या पेटंटांवरून कोर्टात खेचलं आणि टॉमटॉमला पैसे मोजून तडजोड करावी लागली. अशा वातावरणात लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्सफॅट घालायला कोण धजावणार? कार्ड आपण पैसे देऊन घ्यायचं, फोटो आपण काढायचे आणि ते वाचायची परवानगी तिसऱ्याने द्यायची, हा सरळ सरळ अन्याय होता.

मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला तो २८ ऑगस्ट २०१९ रोजी. मे २०२० मध्ये आलेल्या ५.७ या कर्नलमध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी लिहिलेला चांगला ड्रायव्हर दाखल झाला. म्हणजे कुलूप निघूनही आता वर्षं लोटली. तरी आमच्याकडे दुरुस्तीला बसणारी माणसं २०१० सालातच अडकून पडली आहेत आणि त्यांच्या आळसाची किंमत गिऱ्हाईक मोजतंय.

तपासणी अवघड नाही. कार्ड घालून टर्मिनलवर ‘डीमेसेज’ (dmesg) आणि ‘एलएसबीएलके’ (lsblk) या दोन आज्ञा द्या. कार्ड दिसतच नसेल तर संशय आधी रीडरवर घ्या, कारण जुन्या लॅपटॉपमधले काही रीडर ६४ जीबीचं कार्ड ओळखत नाहीत. अशा वेळी यूएसबीचा नवा रीडर लावून पाहा. कार्ड दिसतंय पण उघडत नाही आणि ‘फाइल सिस्टिम अनोळखी’ असा संदेश येतोय, तर बहुधा कर्नल जुना आहे. तो अद्ययावत करा, नाहीतर एक्सफॅट-फ्यूज हे पॅकेज टाका. उघडतंय पण लिहू देत नाही, तर कार्डाच्या कडेची खटकी खाली सरकली आहे का ते बघा. पेन ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस या रचनेचा असेल आणि विंडोजमधून तसाच उपटला असेल, तर त्यावर अर्धवट कामाची खूण राहते. लिनक्स तो कधी फक्त वाचायला उघडतो, कधी उघडतच नाही. तो विंडोजवर चेकडिस्क चालवून मोकळा करता येतो. फाइली लिहिल्या जातात पण नंतर फुटक्या निघतात, तर कार्ड बनावट असू शकतं. छापलेली क्षमता खरी आहे का हे एफ-थ्री हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम सांगतो. मात्र त्याची चाचणी कार्डातला माल दुसरीकडे उतरवल्यावरच करायची.

या सगळ्यात फॉरमॅटची पाळी आलीच तर अगदी शेवटी येते, आणि तीही आधी प्रत काढून.

गिऱ्हाइकाला घाई असते, असं कारण मला ऐकवलं जातं. ते मला मान्य नाही. दोन आज्ञांना दोन मिनिटंही लागत नाहीत. घाई गिऱ्हाइकाला नसते, शिकायचा कंटाळा दुकानदाराला असतो.

हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ न चालणारी धडधाकट यंत्रं भंगारात घालायची नसतील तर सामान्य घरांतही लिनक्स येणारच. म्हणून आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या प्रत्येक संगणक वर्गाने ही तपासणी पहिल्या महिन्यातच शिकवावी. आणि गिऱ्हाइकांनो, तपासणी न करता ‘फॉरमॅट’ म्हणणाऱ्याच्या हातातून आपलं कार्ड तिथल्या तिथे परत घ्या.