खांदा सांधला, विसावा कोण देणार?

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचे एक वेष्टन असते. हात डोक्याच्या वर नेणे आणि तेथे धरून ठेवणे हे त्यांचे काम. वर्षानुवर्षांच्या कष्टाने या कंडरा झिजतात आणि एखाद्या दिवशी साध्या हिसक्यानेही फाटतात. पूर्वी अशा खांद्यावर मोठा छेद घ्यावा लागे. आता दुर्बिणीच्या साह्याने लहान छिद्रांतून फाटलेली कंडरा पुन्हा हाडाशी टाचता येते. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ते यश कशावरून मोजले, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्याने तरी विचारलाच पाहिजे. याच जिल्ह्यात लोणी येथे 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखान्याचे पहिले धुराडे पेटले. आणि याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून माणसे दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी सावरीत, फळीवरून वाहनावर चढणाऱ्या स्त्री-पुरुषांचा खांदा हा येथील कारखानदारीचा खरा आधार आहे.

जगभरचा अनुभव काय सांगतो? ब्रिटनमध्ये 273 रुग्णांच्या एका चाचणीत दुर्बिणीची आणि उघडी अशा दोन्ही पद्धती तुलनेसाठी घेतल्या गेल्या. दोन वर्षांनंतर दोहोंच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, आणि दोहोंतही टाचलेली कंडरा पुन्हा फाटल्याची वा न जुळल्याची उदाहरणे पुष्कळ निघाली. अमेरिकेतील सेंट लुई येथे 2004 साली मोठ्या फाटींच्या 18 रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर त्यांपैकी 17 जणांची कंडरा पुन्हा फाटलेली दिसली, तरी बहुतेकांची वेदना मात्र कमी झाली होती. म्हणजे दुखणे थांबणे ही एक गोष्ट आणि खांदा पुन्हा भार पेलण्याजोगा होणे ही दुसरी. हात वर करून घरकाम करणाऱ्याला पहिली गोष्ट पुरेशी असेल. मोळी वाहणाऱ्याला दुसरीवाचून गत्यंतर नाही.

खांद्याच्या परिणामांसाठी शल्यविशारद जी गुणपत्रिका वापरतात, तिच्यात शंभरांपैकी 15 गुण वेदनेला, 20 दैनंदिन व्यवहाराला, 40 हालचालीला आणि 25 ताकदीला असतात. हात बाजूला उचलून सुमारे 11 किलोंचा भार पेलला की ताकदीचे पूर्ण गुण मिळतात. शिक्षकाला वा कारकुनाला ही कसोटी न्याय्य आहे. परंतु तिच्यात पूर्ण गुण मिळविलेली मजूर स्त्री हंगामात दिवसाकाठी कितीतरी मोळ्या उचलू शकेल काय, याचे उत्तर त्या पत्रिकेत नाही.

आता कालगणना पाहा. शस्त्रक्रियेनंतर हात चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो. त्यानंतर व्यायामाने हालचाल परत आणावयाची, बाराव्या आठवड्याच्या सुमारास ताकदीचे व्यायाम सुरू करावयाचे, आणि अवजड काम सहा महिन्यांपूर्वी सहसा नाहीच. ऊसतोडीचा हंगाम कार्तिकाच्या सुमारास सुरू होऊन चैत्रात संपतो. म्हणजे हंगाम संपताच शस्त्रक्रिया झाली, तर पुढच्या हंगामापर्यंत नेमके सहा महिने मिळतात. पंचांगात विसाव्याला जागा आहे. जागा नाही ती मजुराच्या खिशात. त्या सहा महिन्यांतच खरिपाची पेरणी येते, रोजगाराचे दिवस येतात, आणि पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून घेतली जाते. हंगामात एक खाडा झाला की दंड. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकाचा खांदा थांबला की दोघांचे पोट थांबते. अशा कुटुंबाला ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या दारिद्र्याची चेष्टा होय.

कारखान्यातील वा गिरणीतील कामगाराला कर्मचारी राज्य विमा कायद्याने 1948 पासून आजारपणात वेतनाचा काही भाग मिळण्याची तरतूद केली. मात्र त्याच कायद्याने साखरेच्या कारखान्यांना ‘हंगामी’ म्हणून वगळले, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा अपवाद कायम ठेवला. शेतातला तोडणी मजूर तर मुळातच मुकादमाचा माणूस समजला जातो, कारखान्याचा नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागविता येतो, परंतु बरे होईपर्यंतची भाकर त्या योजनेतून मिळत नाही. परिणामी मजूर झोळी लवकर काढतो, टाके निकामी होतात आणि दोष ‘सल्ला न पाळणाऱ्या रुग्णा’च्या माथी मारला जातो.

यावर ‘सर्वच फाटक्या खांद्यांना शस्त्रक्रिया कशाला?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पुष्कळ रुग्णांना नुसत्या व्यायामोपचारानेही उतार पडतो. पण त्यासाठीही महिनोन्‌महिने नियमाने भौतिकोपचार लागतात, आणि त्या काळात ओझे टाळावे लागते. सुटका कोणत्याच वाटेने नाही.

म्हणून मागणी साधी आहे. उपचारातील विसावा हा उपचाराचाच भाग मानून त्याचे वेतन द्यावे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी गाळपाच्या प्रतिटन 10 रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने द्यावयाचे, असा निर्णय झालेला आहे. त्या निधीतून शस्त्रक्रिया झालेल्या मजुराला सहा महिन्यांचा निर्वाह मिळावा. लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि भौतिकोपचाराचेही. तेथील विद्यार्थ्यांनी हंगामात कोप्यांवर जाऊन खांदे तपासावेत, म्हणजे फाट लहान असतानाच ती सापडेल. आणि प्रत्येक रुग्णालयाने वर्षभरानंतर रुग्णाला एवढेच विचारावे: मोळी उचलता येते काय? या प्रश्नाचे उत्तर जोवर नोंदले जात नाही, तोवर शस्त्रक्रियेच्या यशाची नोंद अर्धीच राहील.