वाळवंटाचा बाजार आणि नीरेकाठची खारी जमीन

खनिज तेलाच्या बळावर धनाढ्य झालेल्या आखाती देशांना गेल्या काही वर्षांत एका जुन्या सत्याची नव्याने जाणीव झाली आहे. पैसा कितीही असला तरी अन्न बाहेरून येत असेल, तर राष्ट्राची मान दुसऱ्याच्या हाती राहते. संयुक्त अरब अमिरातीत लागणाऱ्या अन्नापैकी सुमारे 80 ते 90 टक्के अन्न आयात होते. जून 2017 मध्ये शेजारी राष्ट्रांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा त्या देशाला दुधासाठी विमानाने गाई आणाव्या लागल्या. तेव्हापासून वाळवंटात भाजी, दूध आणि मासळी पिकविण्याच्या योजनांना तेथे वेग आला. दुबईच्या वाळूत गार पाण्याच्या बंदिस्त टाक्यांमध्ये सॅमनसारखा थंड प्रदेशातील मासा वाढविला जात आहे.

या घडामोडींकडे आपल्याकडील उद्योजक आशेने पाहत आहेत. भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापार करार 1 मे 2022 पासून अमलात आला. मासळीबरोबर मत्स्यपालनाचे तंत्रही तेथे विकता येईल, असा विचार त्यातून पुढे आला आहे. हा विचार टाकाऊ मुळीच नाही. परंतु विकावयाचे ते तंत्र कोणते, ते कोणाच्या श्रमातून सिद्ध झाले आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडणार, हे प्रश्न त्यात कोणी विचारीत नाही. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी दुबईपर्यंत जाण्याचे कारण नाही. बारामती तालुक्यातील नीरेकाठचे सांगवी हे गाव त्यासाठी पुरेसे आहे.

नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात वाहू लागला. दुष्काळी मुलखात पाणी आले, त्यापाठोपाठ ऊस आला आणि निचऱ्याची सोय नसलेल्या काळ्या जमिनीत क्षार वर येऊ लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवरचा आपला अभ्यास 1910 साली प्रसिद्ध केला. त्याला शतक उलटून गेले. कारखाने उभे राहिले, उसाचे राजकारण बहरले, परंतु चोपण जमिनीचा प्रश्न मागच्या पानावरून पुढे येतच राहिला. ज्याच्यापाशी भांडवल होते त्याने चर खणले, पाइप पुरले. अल्पभूधारकाच्या वाट्याला पांढरी पडलेली माती आली. हे वाळवंट निसर्गाने दिलेले नाही. अमर्याद पाणी आणि दुर्लक्षित निचरा यांतून माणसाने ते घडविले आहे.

या खाऱ्या मातीचा आणि आखाती बाजाराचा संबंध दूरचा वाटेल, परंतु तो थेट आहे. वाळवंटी देशात गोड्या पाण्याचे तळे करणे हा वेडेपणा ठरेल. तेथे समुद्र आहे, समुद्राचे गोडे केलेले महागडे पाणी आहे आणि जमिनीखाली बरेचसे मचूळ किंवा खारे पाणी आहे. म्हणून वाळवंटातील मत्स्यपालनाचे खरे शास्त्र हे खाऱ्या भूजलाचे शास्त्र आहे. त्यात भारतीय संशोधकांनी मोलाची भर घातली आहे. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने हरियाणातील क्षारग्रस्त जमिनीवर कोळंबी वाढवून दाखविली. भूगर्भातील खारे पाणी आणि समुद्राचे पाणी चवीला सारखे लागले, तरी भूजलात पोटॅशियमची उणीव असते आणि ती भरून काढल्याखेरीज कोळंबी जगत नाही. असे ज्ञान टाकीबरोबर विकत मिळत नाही. ते पाणी तपासून, चुकून आणि पुन्हा करून मिळवावे लागते.

याउलट निर्यातीच्या नावाने बहुधा ज्याची जाहिरात होते, ते यंत्र निराळे आहे. पुनर्चक्रीकरणाच्या टाक्यांत माशांचे तेच पाणी गाळून, त्यातील अमोनियाचे जिवाणूंकरवी नायट्रेट करून, प्राणवायू मिसळून पुन्हा वापरले जाते. पाणी थोडे लागते, हे खरे. परंतु पंप अहोरात्र चालावा लागतो. वीज काही वेळ गेली आणि पर्यायी सोय नसली, तर सगळी टाकी मेलीच म्हणून समजावे. तेलसंपन्न देशाला ही चैन परवडते; भारनियमनाखालच्या गावाला परवडत नाही. 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा मोठ्या संचाचा खर्च 50 लाख रुपये धरला आहे आणि सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के अनुदान आहे. उरलेले 30 लाख सांगवीच्या दोन एकरवाल्याने कोठून आणावेत? अनुदान अखेर कोणाच्या दारी जाते, हे सांगण्यास ज्योतिषी नको. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला होता, तो या हिशेबामुळेच.

येथे थोडा इतिहास आठवावा. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या माशांचे प्रजोत्पादन तळ्यात घडवून आणले. तोवर पावसाळ्यात नदीतून बीज गोळा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सरकारी संशोधनातून निघालेली ती विद्या देशभरच्या मत्स्यबीज केंद्रांत पोहोचली आणि तळ्यातळ्यांत मासा पिकू लागला. जनतेच्या पैशातून निघालेले ज्ञान जनतेचे राहिले, म्हणूनच ते देशव्यापी झाले. आज तेच ज्ञान एखाद्या खासगी कंपनीने वेष्टनात गुंडाळून परदेशी विकले आणि प्रयोगशाळेला व मच्छीमाराला काहीच मिळाले नाही, तर त्याला निर्यात म्हणण्यापेक्षा लूट म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

मच्छीमाराचा उल्लेख मुद्दाम केला आहे. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूर आणि शेजारच्या तालुक्यांतील गावे बुडविली आणि एक अथांग जलाशय निर्माण केला. इंदापूर व भिगवण येथील मासळीबाजार त्यावर जगतात. तेथे ढिगांनी येणारी चिलापी मूळची आफ्रिकेकडची, आणि तिच्याच कुळातील मासा आखाती देशांत टाक्यांतून वाढविला जातो. त्या माशाची वाढ, रोग, भाव आणि उपद्रवही भोई समाजाच्या पिढीजात जाणकारांना ठाऊक आहेत. तंत्रज्ञ म्हणून त्यांच्याकडे कोण पाहतो? परदेशी प्रकल्पात त्यांच्या मुलांना जागा मिळालीच, तर ती जाळे ओढण्याची आणि टाकी धुण्याची असेल.

निर्यातीने परकीय चलन मिळेल, तरुणांना काम मिळेल, असा युक्तिवाद केला जातो. तो मान्य करूनही विचारावे लागेल की, घरी सिद्ध न केलेली विद्या बाहेर कोण आणि किती दिवस विकत घेईल? नीरा खोऱ्यातील चोपणावर शासकीय संस्थांनी शेतकऱ्यांसह प्रयोग केंद्र उभारले, तर तेच उद्याच्या निर्यातीचे भक्कम प्रमाणपत्र होईल. मात्र यात सावधपणा हवा. हरियाणाचे पाणी निराळे, नीरेचे निराळे. प्रत्येक विहिरीची तपासणी झाल्याखेरीज कोळंबी की चिलापी, हे ठरविता येणार नाही. तळ्यातील खारे पाणी शेजाऱ्याच्या रानात झिरपले, तर एका शेतकऱ्याचा लाभ दुसऱ्याच्या मुळावर येईल. आणि जी जमीन निचऱ्याने सुधारू शकते, तिच्यावर पहिला हक्क पिकाचाच राहील.

मालकीचा प्रश्न सहकाराने सुटू शकतो, याचा दाखला समाजवादी चळवळीजवळच आहे. मध्य प्रदेशातील तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढा देऊन 1996 साली जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला आणि तवा मत्स्य संघाच्या द्वारे दहा वर्षे तो समर्थपणे चालविला. पुढे 2006 साली शासनाने पट्टा वाढवून दिला नाही. लोकांना कारभार जमतो आणि सत्तेला तो खुपतो, हे दोन्ही धडे त्यातून घेण्यासारखे आहेत.

महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्या निर्णयाचे पाणी कोणाच्या शेतात मुरते, यावर कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवले पाहिजे. बारामती-इंदापूर भागातील साथींनी गावोगावच्या चोपण जमिनीची पाहणी करून अल्पभूधारकांची यादी तयार करावी. अनुदान व्यक्तीऐवजी प्रथम मच्छीमार व शेतकरी यांच्या सहकारी संस्थांना मिळावे, आणि सार्वजनिक संशोधनावर आधारलेल्या प्रत्येक परदेशी करारात त्या संस्थांचा व प्रयोगशाळांचा वाटा लेखी असावा, अशी मागणी लावून धरावी. वाळवंटातील माणसाच्या ताटात मासा पडावा, यात आनंदच आहे. परंतु त्या माशामागचे ज्ञान ज्या मातीत घडावयाचे, त्या सांगवीच्या खाऱ्या मातीतील माणूस उपाशी ठेवून हा व्यापार होता कामा नये.