मद्यार्काची मोटार आणि कोष्टकांचे गणित

आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नोकरी करतो. टर्बोचार्जर बसविलेली एक जुनी जपानी मोटार त्याने घेतली असून पेट्रोल व इथेनॉल यांच्या कोणत्याही मिश्रणावर ती चालावी, अशी त्याची इच्छा आहे. त्यासाठी इंजिनाच्या नियंत्रक संगणकात नवी कोष्टके भरावी लागतात. ती भरणारे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रश्न त्याने आम्हांस पत्राने विचारला. मराठीच्या मास्तरांना हे विचारण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांना वाटेल. परंतु आपण बेळगावकर उसाच्या मुलखात राहतो. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ साली ज्या ठिकाणी झाले, त्यांत आपले शेजारचे मिरज होते; आज आपल्या पंपांवर ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे. तेव्हा हा विषय आता परका राहिलेला नाही.

एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. शुद्ध इथेनॉलला नऊच भाग पुरते. म्हणजे हवा तेवढीच असली, तर इथेनॉल अधिक ओतावे लागते. तिकडच्या ‘ई-८५’ इंधनासाठी हे प्रमाण आकारमानाने तीस ते चाळीस टक्के अधिक भरते. मात्र इथेनॉल वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते आणि दाबाखाली अवेळी पेट घेत नाही. टर्बोच्या इंजिनाला ही पर्वणीच. हवेचा दाब वाढवता येतो, ठिणगी थोडी आधी देता येते आणि शक्ती वाढते. तरुण मंडळींचा सारा मोह येथेच आहे.

धोकाही येथेच आहे. ‘ई-८५’ या नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात प्रत्यक्ष इथेनॉल ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. थंडीत इथेनॉलवर इंजिन लवकर सुरू होत नाही, म्हणून हिवाळ्यात ते कमी घालतात. पंच्याऐंशी हा आकडा आडनावासारखा समजावा. त्यावरून माणसाचा स्वभाव कळत नाही. टाकीत इथेनॉल कमी आणि कोष्टक मात्र भरपूर इथेनॉलचे, अशी गाठ पडली की इंजिनात ठोके बसू लागतात आणि भर दाबात पिस्टन फुटावयास वेळ लागत नाही.

म्हणून इंधनाच्या नळीत एक संवेदक बसवितात. तेथे प्रचलित असलेला संवेदक शुद्ध पेट्रोलला सेकंदाला ५० आणि शुद्ध इथेनॉलला १५० स्पंदने देतो. पन्नास वजा केले की टक्केवारी हाती येते. सॉफ्टवेअर ती वाचून पेट्रोलचे एक आणि इथेनॉलचे एक अशा दोन कोष्टकांमधला आकडा काढते. ब्राझीलमध्ये २००३ साली फोक्सवागनने ‘गोल’ ही मोटार अशा संवेदकाशिवाय आणली. धुरातील प्राणवायू मोजून तिचा संगणक इंधन ओळखत असे. कारखान्याने तोलून दिलेल्या इंजिनाला ते शोभते. हौसेने ताणलेल्या इंजिनाने त्या वाटेस जाऊ नये, असे आमचे मत आहे.

आता निवडीविषयी. कॉब कंपनीचे हातात मावणारे यंत्र एका वेळी एकाच गाडीशी जखडले जाते. ईक्यूटेकचा परवाना गाडीगणिक असून काम बहुधा अधिकृत ट्यूनरकडूनच होते. एचपी ट्यूनर्समध्ये ‘क्रेडिट’ विकत घेऊन गाडी नोंदवावी लागते. मग कोष्टके स्वतः बदलता येतात. आपल्या गाडीचा संगणक यांपैकी कोणास वश आहे, हे पाहिले की यादी आपोआप आखूड होते.

परंतु आम्ही त्यास लिहिले की, बाबा रे, सॉफ्टवेअर मागाहून निवड. आधी ट्यूनर निवड आणि त्याच्या हातात बसलेले असेल तेच घे. त्याला अश्वशक्ती विचारू नकोस. एवढेच विचार, की भरधाव गाडीत संवेदकाची तार निसटली तर तुमचे कोष्टक काय समजेल? ‘पेट्रोल आहे असे समजेल’ हे उत्तर अर्धेच बरोबर. दाब व ठिणगी पेट्रोलच्या मर्यादेत यावी हे खरे. पण टाकीत इथेनॉल असताना इंधनही पेट्रोलच्या मापाने दिले, तर मिश्रण कोरडे पडेल. इंधनासाठी शेवटची खात्रीची टक्केवारी धरून ठेवावी, दाब मात्र लगेच उतरवावा. हे न अडखळता सांगणारा आणि प्रत्येक फेरीच्या नोंदी तुझ्या हाती देणारा माणूस भेटला, तर चार डॉलर अधिक गेले तरी हरकत नाही.

धूर शुद्ध करणारी साधने काढून टाकण्यास तेथील कायद्याची मनाई आहे, हेही आम्ही बजावले आहे. इंधनाचा पंप व इंजेक्टर वाढीव इंधनाला पुरे पडतील की नाही, याचा पत्रात उल्लेख नव्हता. ते अपुरे असतील तर कोणतेही सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढणार नाही. तेवढी मापे घेऊन कळव, मग पुढचे बोलू, असे त्यास लिहून पाठविले आहे.