जाहीर आवाहन : ऑक्टोबरचे ऊन, साठवणीचे पाणी आणि डास (शिरूर व दौंड तालुके)

परतीचा पाऊस ओसरला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत वर्षातला सर्वांत फसवा काळ सुरू होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे पुणे जिल्ह्यातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातात. आभाळ निवळते आणि ऊन एकाएकी चटका देऊ लागते. दुपारी पारा 32-34 अंशांपर्यंत चढतो, पहाटे मात्र पांघरूण ओढून घ्यावे लागते. जमिनीत ओल, हवेत ऊब आणि बांधावर कमरेएवढे गवत अशी ही स्थिती दिवाळीपर्यंत टिकते. पावसाळा संपला म्हणून माणसे निर्धास्त होतात आणि नेमका तेव्हाच डासांचा हंगाम भरात येतो.

हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षभराचा पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. एवढ्या कोरड्या मुलखात डास कुठून येतात, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर घरातच सापडते. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ते साठवावेच लागते. रांजण, हौद, सिमेंटच्या टाक्या, निळी प्लॅस्टिकची पिंपे, गच्चीवरच्या उघड्या टाक्या यांत आठवडा-आठवडा पाणी राहते. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस डास गटाराकडे फारसा फिरकत नाही. त्याला हेच साठवणीचे, स्वच्छ पाणी लागते. त्याच्या काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो, आणि त्यातही सकाळी व दिवस मावळण्यापूर्वी त्याचा जोर अधिक असतो. म्हणून केवळ रात्री मच्छरदाणी लावून त्याच्यापासून सुटका होत नाही. दुपारी पाळण्यात झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढताच फुटतात. अंड्यातून निघालेली अळी या हवामानात आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. त्यामुळे पिंप नुसते उपडे करून पुन्हा भरल्याने काम अर्धेच होते. आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामे करावे, आतली भिंत काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासावी, उन्हात वाळू द्यावी आणि मगच भरावे. यालाच कोरडा दिवस म्हणतात. ज्या शिरूर तालुक्यातल्या सर्वांत प्रसिद्ध देवस्थानाच्या, रांजणगावच्या, नावातच रांजण आहे, त्या तालुक्याला रांजण घासण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

जी टाकी रिकामी करता येत नाही, तिच्यावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळीचे कापड बांधावे. शेततळ्यांत, गुरांच्या मोठ्या हौदांत आणि वापरात नसलेल्या विहिरींत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरचा तळ, कुंडीखालची ताटली, छतावर पडलेल्या करवंट्या, पत्र्यावरच्या ताडपत्रीच्या घड्या ही ठिकाणे नेहमी नजरेतून सुटतात. पुणे-सोलापूर आणि पुणे-अहिल्यानगर या दोन्ही महामार्गांच्या कडेला पंक्चर काढणाऱ्यांच्या दुकानांपुढे जुन्या टायरांचे ढीग असतात. टायरात साचलेले वाटीभर पाणी शेकडो अळ्यांना पुरते. टायर छपराखाली ठेवावेत, नाहीतर त्यांना भोके पाडावीत.

मुळा-मुठेच्या आणि भीमेच्या काठच्या गावांची तक्रार वेगळी आहे. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येणारे पात्र, त्यावरची जलपर्णी आणि संध्याकाळनंतर उठणारे डासांचे थवे ही तिथली नित्याची गोष्ट. हा बहुधा क्युलेक्स जातीचा डास; तो घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो, झोप उडवतो. त्याचा त्रास खरा आहे आणि जलपर्णी काढण्याची मागणीही रास्त आहे. पण डेंग्यूसाठी नदीकडे बोट दाखवून घरातले पिंप तसेच ठेवणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते.

धूरफवारणीबद्दलही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. गावात रुग्ण सापडला की धुराच्या गाडीची मागणी होते, गाडी येते, धूर दिसतो आणि सर्वांचे समाधान होते. त्या धुराने उडते डास तेवढे मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही आणि आठवडाभरात नवी फौज तयार होते. रुग्णाच्या घराभोवती तातडीचा उपाय म्हणून फवारणी योग्य, पण कोरड्या दिवसाची जागा ती घेऊ शकत नाही. आशा सेविका किंवा आरोग्य कर्मचारी भांडी तपासायला आल्यास त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये.

एडिस डास स्वतः फार लांब जात नाही. काहीशे मीटर हा त्याचा मुलूख. रोग दूर नेतो तो माणूस. जुलै 2021 मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला तो दौंडला लागूनच असलेल्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात. 2007 साली इटलीतील रावेन्ना परिसरात चिकुनगुनियाची साथ आली आणि दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. तिचा माग काढला तेव्हा ती केरळहून आलेल्या एका तापाच्या रुग्णापासून सुरू झाल्याचे दिसले. दौंड जंक्शनवरून रोज पुण्याला जाणारे-येणारे नोकरदार, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत राज्याबाहेरून आलेले कामगार, गाळप हंगामासाठी बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, अशी या तालुक्यांतली वर्दळ पाहिली तर कोणतेही गाव एकाकी राहिलेले नाही. म्हणून तापाचा रुग्ण पहिले काही दिवस दिवसाही मच्छरदाणीत ठेवावा, म्हणजे त्याला चावलेला डास शेजाऱ्याला चावणार नाही. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर उघड्या पिंपांतून पाणी साठवले जाते. तिथे झाकणाची पिंपे आणि मच्छरदाण्या पुरवण्याची जबाबदारी कारखान्यांनी आणि गुऱ्हाळमालकांनी उचलावी.

अचानक चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे, अंगावर पुरळ यांपैकी काही दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. ताप आणि वेदनांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मात्र टाळावे, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूतला खरा धोका ताप उतरू लागल्यावर असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ताप गेला म्हणून माणूस शेतावर जातो आणि त्याच दिवसांत पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी पपईच्या पानांच्या रसावर विसंबून न राहता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 104 हे क्रमांक आहेत.

शेतातले धोके निराळे. ओल्या गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. 2018 साली विदर्भात त्याची साथ आली होती. तापासोबत काखेत, जांघेत किंवा कमरेला सिगारेटच्या चटक्यासारखा काळ्या खपलीचा डाग दिसला तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. वेळेत ओळखल्यास साध्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो. गवत कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घालावेत, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे बदलावेत. रात्री दिव्याभोवती जमणारा तांबडा-काळा लांबट किडा अंगावर बसला तर चिरडू नये. त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. फुंकर मारून तो उडवावा आणि जागा साबणाने धुवावी. गोठ्यातल्या गोचिडांकडे आणि माश्यांकडेही याच दिवसांत लक्ष द्यावे. 2022 मधली लम्पीची साथ दूधउत्पादक विसरलेले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत रांजणगावला आणि भीमेपलीकडच्या सिद्धटेकला अष्टविनायकाच्या यात्रेकरूंची रीघ लागते, मोराची चिंचोली सहलीच्या बसगाड्यांनी भरून जाते. यात्रेकरूंनी दुपारसाठी टोपी आणि पाणी, पहाटेसाठी स्वेटर आणि डास रोखणारे मलम जवळ ठेवावे. झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ दिसल्यास त्याखाली धूर करू नये, फटाके फोडू नयेत, दगड मारू नयेत. माश्या उठल्याच तर तोंड झाकून जवळच्या बंद खोलीकडे धावावे. अंगात राहिलेला काटा चिमटीत न दाबता नखाने खरवडून काढावा. भक्तनिवास, ढाबे आणि कृषी पर्यटन केंद्रे चालवणाऱ्यांनी आपल्या टाक्या सुट्टीपूर्वीच घासून घ्याव्यात.

सर्व ग्रामपंचायतींना आणि दोन्ही नगरपरिषदांना विनंती की, ज्या वारी गावचा आठवडे बाजार भरतो तोच वार कोरडा दिवस म्हणून जाहीर करावा. बाजाराचा वार कुणी विसरत नाही. त्या दिवशी सकाळी प्रत्येक घराने आधी पिंप घासावे, मग पिशवी घेऊन बाहेर पडावे.